हौसाची अर्धी फेरी

एकदा काय झालं, एका सुनेनं सासूला एक छोटंसं खोटं सांगितलं. हसू नका रे, दात न घासताच घासले म्हणता ना तुम्ही, तेवढंच छोटं. तिचं नाव हौसा. समुद्राकाठच्या एका वाडीत नुकतीच लग्न होऊन आली होती. नवऱ्याचं नाव धाकू. तो होडी घेऊन मासे मारायला जायचा. घरात सासू, बाकी कुणी नाही.

त्या वाडीच्या डोक्यावर मोठा कडा होता. वाडीतून एक वाट निघायची, कड्याच्या काठाकाठानं जायची आणि पलीकडून फिरून पुन्हा वाडीतच उतरायची. फार अवघड नाही, पण घाम काढणारी. एका हाताला खाली निळाशार समुद्र, दुसऱ्या हाताला करवंदीच्या जाळ्या. नव्या सुनेनं पाण्याचा तांब्या घेऊन एकटीनं ही फेरी करायची, अशी रीत होती. आधी चाफा लागायचा, मग घळ, मग कड्याचं टोक. तिन्ही ठिकाणी थोडं पाणी सोडायचं आणि समुद्राकडे तोंड करून नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. एरवी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, बरं का. पण समुद्राला कळायला नको, हा माणूस कुणाचा, कुठल्या घरी परत पोचवायचा ते?

मग हौसा निघाली. चाफ्याशी पाणी सोडलं, लाजत लाजत नाव घेतलं. पुढे ऊन तापलं, चढ लागला, बाईसाहेबांना कंटाळा आला. तिनं काय करावं? उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि जाळ्यांतल्या मधल्या वाटेनं घर गाठलं.

दारात सासू वाट बघत होती. "झाली गो फेरी?"

"झाली, आये."

सासूला केवढा आनंद! तिनं सुनेची दृष्ट काढली. नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या तिच्यापुढे ठेवल्या. हौसा खाली मान घालून खाऊ लागली. सासू आग्रह करी, आणि हिची मान आणखी खाली जाई.

मग एके दिवशी होड्या समुद्रात गेल्या. दुपारी एकेक करून परतल्या. धाकूची होडी मात्र येईना. दिसत होती हो, लख्ख उन्हात दिसत होती! पण कड्यासमोर नुसती गोल गोल फिरत होती. धाकू वल्हं मारून मारून थकला. दुसरे मदतीला गेले, त्यांच्या हाती ती लागेना. ओहोटी लागली होती. दिवस बुडायच्या आत होडी आली नाही, तर खडकांवर आपटून फुटणार होती. सगळी वाडी वाळूवर जमली. सासू तोंडाला पदर लावून उभी राहिली. काय झालंय ते हौसाला एकटीलाच कळलं.

तिच्या मनात आलं, गुपचूप जाऊन फेरी पुरी करावी, कोणाला कळणार? तिनं तांब्या भरला आणि धावत चाफ्यापाशी आली.

आणि चाफा बोलला. अगदी माणसासारखा बोलला. "परत कित्या इलंस?"

"फुला नेऊक," हौसा म्हणाली आणि पुढे चालू लागली. चालली, चालली, आणि बघते तर काय, समोर पुन्हा तोच चाफा!

चाफ्यानं पुन्हा तेच विचारलं, परत का आलीस? "त्या दिवशी माझो पाय दुखत होतो," ती म्हणाली आणि पुढे पळाली. पळाली, पळाली, आणि पुन्हा चाफा! खाली होडी फिरतेय, वर ही फिरतेय.

तिसऱ्यांदा चाफ्यानं विचारलं तेव्हा तिला रडूच फुटलं. "माका कंटाळो इलो. मी आयेक खोटा सांगितलंय."

"मग माका काय सांगतंस?" चाफा म्हणाला. "जिका खोटा सांगितलंस, तिका सांग."

मग हौसा खाली आली. एवढी माणसं, एवढे डोळे! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती सासूपुढे उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आये, फेरी मी अर्धीच केलंय. तुमका खोटा सांगितलंय."

सासू रागावली नाही. तिनं हौसाच्या हातातला तांब्या घेतला, हिंदकळून अर्धा झाला होता तो, स्वतः काठोकाठ भरला आणि परत तिच्या हातात दिला.

मग हौसा निघाली. चाफ्याशी नाव घेतलं, वाट पुढे सरकली. घळीशी नाव घेतलं, वारा पडला. कड्याच्या टोकाशी पोचली आणि लाजबीज सोडून ओरडली, "धाकू! माझो धाकू!" तशी होडी फिरायची थांबली. तिनं किनाऱ्याकडे तोंड केलं आणि सरळ चालू लागली.

पलीकडच्या उतारावरून हौसा वाडीत आली, तेव्हा धाकू अंगणात बसला होता. ती कुंपणाआडच उभी राहिली. आत यायचं धाडस होईना. अनवाणी धावून धावून तिचे तळवे फाटले होते. सासू कोकमाचं तेल घेऊन आली आणि खाली बसली. हौसानं झटकन पाय मागे घेतले. सासूनं सुनेच्या पायांना हात लावायचा? तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"फुडे कर," सासू म्हणाली. "ह्याच पायांनी माझो झील, माझो धाकू, घराक इलो."

मग हौसा खूप रडली. आणि मग ती तिघं त्या घरात सुखानं राहिली. चला, तुमचेही पाय घ्या पांघरुणात आणि निजा आता.