काच काळी पडेल म्हणून

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं आणि गावासमोर, खोल पाण्यात, एक ओसाड बेट होतं. बेटावर दीपगृह होतं, पण त्याचा मनोरा तडकलेला, दिवा कधीच विझलेला. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग. अंधारात आलेली होडी तिथे हमखास फुटायची. म्हणून गावातल्या होड्या दिवस मावळायच्या आत घरी परतत. मासळी कमी मिळे, पण माणसं जिवंत राहत.

त्या गावात भागोजी नावाचा गवंडी होता. त्याचा बाप याच खडकांवर बुडाला होता. एक दिवस देवळासमोर तो म्हणाला, “मी बेटावर जाऊन दीपगृह दुरुस्त करणार. पगार नाही, मानपान नाही. कुणी येतं का बरोबर?”

एक सुतार उठला, एक लोहार उठला. चांगुणा नावाची विधवा उठली. आणखी चार-दोन जण निघाले. ते बेटावरच राहायला गेले. गावातला सोमा तांडेल आपल्या होडीतून त्यांना गोडं पाणी आणि तांदूळ पोचवू लागला.

काम सोपं नव्हतं. वाऱ्यानं झोपड्या उडाल्या. खाऱ्या पाण्यानं हात फुटले. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून भागोजीनं एकेक भेग बुजवली. पेज आणि सुका बांगडा खाऊन त्यांनी दोन पावसाळे काढले. अखेर दिव्याभोवती काच बसवून, उंडीचं तेल घालून दिवा लावला, तेव्हा गावात बायका अंगणात येऊन रडल्या. भागोजीही रडला.

आता होड्या अंधार पडल्यावरही दर्यावर थांबू लागल्या. जाळी भरून येऊ लागली.

दीपगृहाची कीर्ती पसरली. लांबून माणसं बघायला येऊ लागली. “काय काम केलंय! काच तर अशी, की आहे की नाही कळत नाही!” असं म्हणू लागली. भागोजीला ते ऐकायला आवडू लागलं. त्यानं पायरी-पायरीला रंग दिला, दारात चाफा लावला. फक्त एक गोष्ट त्याला खुपायची. तेलाच्या धुरानं काच काळी पडायची.

मग त्यानं वाती निम्म्या केल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. मग चांदण्याच्या दिवसांत तो दिवा लावीनासा झाला. तेव्हाही काही बिघडलं नाही.

एके दिवशी निरोप आला, की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खुद्द राजा दीपगृह पाहायला येणार. सगळे कामाला लागले. राखेनं, लिंबानं, मऊ फडक्यानं काच घासली. पौर्णिमेच्या दुपारी ती लखलखत होती.

संध्याकाळी मात्र वारा फिरला. पश्चिमेकडून काळं आभाळ चढून आलं. चांगुणा धावत वर आली.

“भागोजीदादा, दिवा लावा. होड्या बाहेर आहेत.”

“आज पौर्णिमा आहे गं. चंद्र असेल.”

“कुठला चंद्र? आभाळ बघा जरा!”

“सरेल ते. आत्ता दिवा लावला तर सकाळपर्यंत काच काळी होईल. एवढी मेहनत वाया घालवू? राजाला काय दाखवू, काजळी?”

चांगुणानं सुताराकडे पाहिलं, लोहाराकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. वाती तिथेच होत्या, तेल होतं, चकमक होती. ती हात लावू शकली असती. पण भागोजी मुख्य होता, आणि एकट्या बाईनं सगळ्यांच्या विरोधात जायचं कसं? ती खाली उतरली.

सकाळी वादळ शमलं होतं. खडकांजवळ फळ्या तरंगत होत्या. सोमा तांडेल एका फळीला मिठी मारून खडकावर पडला होता. त्याचे दोघे भाऊ सापडले नाहीत.

भागोजी त्याच्याजवळ गेला. तो म्हणाला, “सोमा, एवढं आभाळ आलेलं दिसलं, तरी लवकर का नाही परतलास?”

सोमा म्हणाला, “दिवा नव्हता तेव्हा उजेडातच परतायचो, भागोजी. तुम्ही दिवा लावलात म्हणून थांबायला शिकलो. काल दोघं भाऊ घाबरले होते. मीच त्यांना म्हणालो, भिऊ नका, चंद्र झाकलाय, आता दिसेल दिवा. आता दिसेल.”

दुपारी राजा आला. त्यानं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “वा! एक डाग नाही!” त्यानं भागोजीच्या खांद्यावर शाल घातली. भागोजीनं मान खाली घातली. राजाला वाटलं, किती नम्र माणूस आहे! खरं काय ते कुणीच सांगितलं नाही. चांगुणानंही नाही. राजा गेल्यावर ती सोमाला घेऊन गावी परतली आणि पुन्हा बेटावर आली नाही.

भागोजी तिथेच राहिला. त्या दिवसापासून त्यानं दिवा एकदाही चुकवला नाही. काच काळी झाली तरी वाती पूर्ण ठेवल्या. पण गावातल्या होड्या पुन्हा दिवस मावळायच्या आत घरी येऊ लागल्या. दिवा रोज जळत होता, आणि त्याच्याकडे बघून वाट शोधणारं दर्यावर कुणीच नव्हतं.

तात्पर्य एवढंच: लोक ज्याच्या भरवशावर पाण्यात उतरतात, त्यानं तो भरवसा एकदाही मोडू नये, मोडायचाच असेल तर तो आधी देऊच नये.