विसाव्याची जागा

वार्ड सातच्या नगरसेविका जैबुन मुजावर स्मशानाच्या रस्त्यासाठी नगरपालिकेत चपला झिजवत होत्या. स्मशान, कब्रस्तान आणि ख्रिस्ती दफनभूमी, तिन्हींकडे जाणारी वाट एकच, आणि तिच्यात गुडघाभर चिखल. परवा तर वडार गल्लीतल्या गंगव्वाची तिरडी खांदेकऱ्यांसकट त्या चिखलात आडवी झाली.

भर सभेत नगराध्यक्ष इंगवले पुन्हा तेच म्हणाले, "भाभी, तुमच्या वार्डात सतरा जातींचे लोक. रस्ता कुणासाठी केला म्हणून सांगू? एकाला खूश केलं की दुसरा रुसणार. आधी सगळ्यांचं एकमत करून आणा."

सभागृहात खसखस पिकली.

"आणलंय, साहेब," जैबुनभाभी म्हणाल्या. "तो रस्ता नकोच, असं सगळ्यांनी ठरवलंय. इथून पुढं मयत तुमच्या बंगल्यावरून न्यायची. लांब पडतं, पण डांबर चांगलं आहे."

"न्या की," इंगवले उदारपणे म्हणाले.

"फक्त निम्म्या वाटेवर विसावा घ्यावा लागतो. मयत खाली टेकवायची, खांदे बदलायचे. आम्ही चालून पाहिलं. निम्मी वाट बरोबर तुमच्या फाटकाशी होते."

इंगवल्यांचा हात गळ्यातल्या ताइताकडे गेला. रस्ता त्याच सभेत मंजूर झाला.

बाहेर वार्डातले लोक भाभींचं कौतुक करायला लागले. भाभी हसल्या नाहीत.

"कसलं कौतुक करता," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी इतकी वर्षं त्याच्या दारात उभे राहिलो, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मेल्यावर येतो म्हटलं, तेव्हा कुठं त्याला आपण दिसलो."