वैद्यबुवांचे ‘जेवणानंतर’

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक वृद्ध अस्वल राहत असे. मुलांनो, ते त्या रानाचे वैद्य होते; पाला नुसता हुंगून त्याचा गुण सांगे. एका वर्षी रानात तापाची साथ पसरली. घरोघरी जाऊन निराळा उपाय सांगण्यास सवड नव्हती. म्हणून अस्वल, घुबड आणि एक वयस्क वानर असे तिघे जाणते बेहड्याच्या झाडाखाली बसले आणि त्यांनी सर्वांसाठी एकच नियम बांधला : ‘गुळवेलीचा पाला, दोन वेळा, जेवणानंतर.’ माकडांनी तो झाडोझाडी ओरडून सांगितला.

रानडुकरे बरी होऊन उठली, माकडे उठली. हरणांच्या कळपातला ताप मात्र हटेना. दोन पाडसे दगावली. अस्वलाने निरोप धाडला की नियम नीट पाळा. उलट निरोप आला की पाळतोच आहोत. अस्वलाला तो खरा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी एक हरिणी बेहड्यापाशी आली. तिचे एकुलते पाडस तापाने खंगत चालले होते. वाटेवर कोल्हा राखणीला होता. नियमात काही चुकते आहे, असे तिने सांगताच तो हसून म्हणाला, “बाई, आजाऱ्यांनी वैद्यांना शिकवायचे, तर उद्या बुडणाऱ्याकडून पोहणेही शिकावे लागेल.”

“पोहणे नका शिकू, कोल्होबा,” हरिणी म्हणाली, “पाणी किती खोल आहे, तेवढे मात्र त्यालाच विचारा.”

अस्वलाने ते ऐकले आणि तिला आत बोलावले. नियमात काय चुकले, असे त्याने जरा घुश्शातच विचारले.

“औषध चुकले नाही, वैद्यबुवा. ‘जेवणानंतर’ चुकले. तुमचे जेवण घास गिळला की संपते. आमचे तेव्हा कुठे सुरू होते.”

अस्वलाला उलगडा होईना. ते तिच्यामागून कळपात गेले आणि पाडसाजवळ बसले. पाडसाने चार काड्या खाल्ल्या, वर नियमाप्रमाणे पाला गिळला आणि अंग टाकले. थोड्या वेळाने त्याच्या गळ्यातून एक गोळा हळूच वर चढला. गिळलेला चारा पुन्हा तोंडात आला. त्याबरोबर कडू पालाही आला आणि पाडसाने तो थुंकून टाकला. अस्वल थक्क झाले. आयुष्यभर त्याने हरणांना रवंथ करताना दुरून पाहिले होते. औषधाशी त्याचा संबंध असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. बेहड्याखालच्या तिघांपैकी एकही रवंथ करणारा नव्हता. देवाने प्रत्येक देहात एक पोथी लिहून ठेवली आहे आणि ती वाचण्याचा पहिला मान त्या देहात राहणाऱ्याला दिला आहे, हे त्या क्षणी अस्वलाला दिसले. त्याने नकळत हात जोडले.

मग त्याने हरिणीलाच विचारले, कसे द्यावे. ती म्हणाली, “रवंथ आटोपू द्या. मग पाला नको, रस द्या.” तिसऱ्या दिवशी पाडस उभे राहिले.

अस्वल तिथे थांबले नाही. ते एकेका रोग्याच्या उशाशी जाऊन बसले. अजगर तापाने फणफणत होता. औषध का घेतले नाही, असे विचारल्यावर तो नम्रपणे म्हणाला, “मागचे जेवण अमावास्येला झाले, वैद्यबुवा. पुढच्याची वाट पाहतो आहे.”

ज्याच्या त्याच्या खाण्याच्या रीतीप्रमाणे नियम नव्याने बांधला गेला. तेव्हापासून बेहड्याखाली जाणत्यांच्या बरोबरीने एक आसन रोग्याचे असे. राखणीला कोल्हाच राहिला. पण आता तो येणाऱ्याला आतली वाट दाखवी. गेलेली दोन पाडसे मात्र परत आली नाहीत, आणि अस्वल त्यांना कधी विसरले नाही.

तात्पर्य : औषध जाणत्याने निवडावे, पण ते ज्याच्या देहात उतरायचे, त्याला विचारल्यावाचून नियम बांधू नये.