लवूने राखलेली होडी

एका खाडीकाठच्या गावात लवू नावाचा एक भोळा राखणदार होता. सांगितलेलं काम त्याच्याइतकं कोणीच मनापासून करत नसे, आणि हीच तर पंचाईत होती.

भिसाजी तांडेलाची होडी काठाला बांधलेली असे. ती लवू राखी. गुरुवारी तांडेलाच्या लेकीला पाहायला पाहुणे येणार होते, आणि बैठक होडीवरच ठरली होती.

"गुरुवारपर्यंत होडी आरश्यासारखी ठेव," तांडेल म्हणाला. "सोयरीक मोडली तर तुझी राखण संपली!"

लवूला त्या होडीवाचून दुसरं जग नव्हतं. तो फार घाबरला.

सोमवारी कावळे फळ्यांवर घाण करून गेले.

"अरे, होडयेर काय बसला तर काठी घे नि हाकल!" तांडेल लवूवर खेकसला.

लवूने लक्षात ठेवलं. मंगळवारी तांडेलाची सासू जेवण घेऊन आली आणि दमून फळीवर टेकली. लवूने काठी घेतली. बिचारी म्हातारी डोक्यावर डबा धरून गुडघाभर चिखलातून पळाली.

तांडेलाने कपाळाला हात लावला. "मेल्या, असा हाकलतत? जो कोण येयत तेचे पाय धुयाचे, पाट देवचो, पोटभर वाढूचा!"

लवूने हेही लक्षात ठेवलं. बुधवारी बांधलेल्या दोरावरून सात उंदीर चढून आले. संध्याकाळी तांडेल पाहतो, तर लवू घामाघूम.

"तांडेलांनू, एकेकाक चार चार पाय! दोन घागरी पाणी संपला. आणि पाटावर एकय बसना नाय."

सुकट मात्र सातही जणांनी चाटूनपुसून खाल्ली होती.

"उंदराक पाट?" तांडेल ओरडला. "दोरयेवरसून चढता, सुकी मासळी खाता, तो उंदीर! तेका गोणत्यात घाल, तोंड बांध, खाडीपल्याड नेवन सोड. सोडताना गोणता तीनदा गरगरा फिरव, म्हणजे कितीय शोधल्यान तरी परतीची वाट गावची नाय."

गुरुवारी पहाटेच लवूने होडी तीनदा धुतली. कावळा नाही, उंदीर नाही. तेवढ्यात एक किडकिडीत तरुण दोराला लोंबकळत सरसर वर चढला. इकडेतिकडे पाहत त्याने वाळत घातलेला एक सुका बोंबील उचलला आणि कुरतडू लागला. लवूने नीट निरखलं. मिशाही बारीकच होत्या. लवूची खात्री पटली.

उन्हं वर आल्यावर तांडेल लेकीला आणि पाहुण्यांना घेऊन आला. होडी लखलखत होती. मुलाच्या मामाला ती फार आवडली.

"सोयरीक पक्की समजा!" तो म्हणाला. "पण आमचो भाचो उतावळो, आमच्या फुडे इलो. खय गेलो?"

तांडेलाने लवूकडे पाहिलं. लवू छाती काढून पुढे झाला.

"काळजी नको, तांडेलांनू! खाडीपल्याड सोडून इलंय. तुमी तीनदा सांगितलात, मी धा वेळा फिरवलंय. आता जल्मात तेका तुमच्या घराची वाट गावची नाय!"