मानेवरचा पक्षी

एका राज्यात दारं इतकी बुटकी होती, की राजालासुद्धा आपल्या महालात वाकूनच शिरावं लागे. फार जुन्या कुणा राजाने तशी आज्ञा केली होती: सिंहासनापुढे येणाऱ्याची मान खाली असावी. आज्ञा करणारा मेला, आज्ञा उरली. पुढे लोकांना वाकण्याचाच अभिमान वाटू लागला. सोयरीक जुळवताना मुलगी किती खाली वाकते ते पाहत. अशी ती शहाणी माणसं.

त्या राज्यात कालजंघ नावाचा मांत्रिक आला. त्याने सिंहासन मागितलं. राजा नाही म्हणाला. मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली आणि राजा बसल्या जागी दगड झाला.

"याची लेक याला पोचेल अशी हाक मारील, तेव्हा हा उठेल," मांत्रिक म्हणाला. "वर्षाच्या आत नाही उठला, तर सिंहासन माझं."

आणि जाताना त्याने एक राखी पक्षी सोडला.

राजाची लेक हेमलेखा. पक्षी तिच्या मानेवर येऊन बसला. इतरांना तो दिसत नसे, तिला मात्र ऐकू येई. "तुझ्याने व्हायचं नाही. आवाज बघ तुझा. सगळे हसतात." ती रोज वाकून आत जाई, पदरात हात लपवी आणि फरशीकडे बघत म्हणे, "बाबा." दगड हलत नसे. पक्षी म्हणे, "सांगितलं नव्हतं?"

वर्ष सरत आलं. दरबारी म्हणू लागले, पोर भित्री. म्हणणाऱ्यांतला एकजण तरी कधी ताठ उभा राहिला होता का, ते मात्र कुणी विचारलं नाही.

राज्याच्या वेशीपलीकडे एका तळ्याकाठी म्हातारा करकोचा राहत असे. त्याला शापांची उत्तरं ठाऊक असत. हेमलेखा त्याच्याकडे गेली. करकोच्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

"मानेवर काय घेऊन हिंडतेस?"

"तुम्हाला दिसतो?"

"दिसतो. चांगला पोसलायस."

"त्याला हाकला, आजोबा."

"मी हाकलीन, तो परत येईल. माणसावर बसायचं तर त्याला वाकलेलीच मान लागते. ती तू देतेस. तीन कामं सांगतो, ती कर."

हेमलेखा घुटमळली. "मला भीती वाटते, आजोबा. आत भीती आणि बाहेर ताठ उभं राहायचं, म्हणजे सोंगच ना?"

"भीती राहू दे आत. तिला बसायला पाठीचा पाट कशाला करतेस? आधी पाय जाऊ देत. मन येईल मागून."

पहिलं काम पायांचं. वाहत्या ओढ्यात मधोमध उभं राहायचं. ती पाय जुळवून, अंग चोरून उभी राहिली आणि पडली.

"पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे उभी राहिल्यासारखी राहशील, तर पडशीलच," करकोचा म्हणाला.

"आणि तुम्ही एका पायावर उभे राहता ते?"

"मला जन्माची सवय आहे. तू दोन वापर."

तिने पाय फाकवून रोवले. पाणी दोन्ही बाजूंनी वाट काढून जाऊ लागलं. मासे येऊन तिच्या सावलीत विसावले.

दुसरं काम हातांचं. तळ्यावर येणाऱ्या हरिणीला चारा घालायचा. हरिणी दूर उभी राहून म्हणाली, "पदरात काय लपवलं आहेस?"

"काही नाही."

"मग दाखव."

हेमलेखेने हात बाहेर काढले, तळवे उघडून त्यांवर गवत ठेवलं. तळवे थरथरत होते. हरिणीने थरथरत्या तळव्यांवरचंच गवत खाल्लं.

तिसरं काम डोळ्यांचं. तळ्याच्या तळाशी शापित धन होतं आणि त्यावर एक नाग होता. जो खाली सोन्याकडे बघे, तो बेडूक होई. काठावर बेडूक पुष्कळ होते. सोन्याकडे न बघता वर आलेल्या नागाकडेच बघायचं. हेमलेखेने नागाच्या डोळ्यांत पाहिलं. नजर खाली ओढत होती, तिने ती ओढू दिली नाही.

नागाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती काळाने कुणी माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "सगळे सोन्याकडे बघतात."

त्यासरशी सगळे बेडूक माणसं झाले आणि लाजत घरी गेले. पाय रोवलेले, हात मोकळे, मान वर. राखी पक्षी नख्यांनी ओरबाडत तिच्या मानेवरून घसरला आणि उडाला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती महालापाशी आली. कालजंघ आधीच पोचला होता आणि सिंहासनाच्या घाईने पहिल्याच दारात वाकून शिरत होता. राखी पक्षी चौकटीवर वाट पाहत होता.

"वाक," तो म्हणाला. "वाकल्याशिवाय आत कशी जाशील?"

खरंच होतं ते. वाकली तर पक्षी मानेवर. न वाकावं तर बाप आत. भीती कुठे गेली नव्हती.

हेमलेखा दाराबाहेरच थांबली. तिने पाय रोवले, हात मोकळे सोडले, सरळ समोर पाहिलं. छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"बाबा."

हाक एकेक दार ओलांडत सिंहासनापर्यंत गेली. आत दगड तडकला. पक्षी दचकून चौकटीवरून पडला आणि समोर दिसली त्या वाकलेल्या मानेवर बसला. ती कालजंघाची होती. "तुझ्याने व्हायचं नाही," पक्षी सवयीने म्हणाला. मांत्रिकाचा मंत्र घशातच अडकला, मुठीतली राख सांडली. तो तसाच वाकलेला राज्याबाहेर गेला. अजून सरळ झालेला नाही.

आतून राजा आला. दारापाशी येऊन सवयीने वाकू लागला.

"थांबा, बाबा. दार फोडू देत."

गवंडी आले. ते चौकट फोडत होते तोवर बाप आत आणि लेक बाहेर उभी.

"रोज काहीतरी कानावर यायचं," राजा म्हणाला. "वाटायचं, तू फरशीशी बोलतेस. आज कळलं, मला बोलावतेस."

चौकट पडली. राजा ताठ चालत बाहेर आला. लेकीच्या मानेवर नख्यांचे ओरखडे होते. त्याने तिथे आपला हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता त्या राज्यात दारं उंच आहेत. ज्याला वाकायचं, तो आत जाऊन मनापासून वाकतो. हाक पोचली, दार उंच झालं, आणि ही कहाणी ताठ मानेने इथे संपली.