पाटलाच्या दारचा ढीग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा डोंगर अजून बसूनच होते, उभं राहायला शिकले नव्हते. त्यातल्याच एका डोंगरावर कॉफीच्या मळ्यांचं एक गाव होतं.

पाहुण्याला कॉफी पाजायची आणि उरलेला चोथा दारात ओतायचा, अशी त्या गावची रीत. ज्याच्या दारात मोठा ढीग, तो मोठ्या मनाचा. सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी ढीग बघत, मुलगा नंतर.

पाटलाचा ढीग सगळ्यांत उंच. त्यावर चढून कोंबडा आरवला की सूर्य दचकून लवकर उगवायचा. खोटं वाटत असेल तर सूर्याला विचारा, कोंबडा आता हयात नाही.

ठकूआत्याचं दार मात्र लख्ख. चिमूटभर चोथा दिसेल तर शपथ! एकदा भर चावडीत पाटील म्हणाला, “आत्या, तुमच्या दारात मुंगीला चढायला उंचवटा नाही. पाहुण्याला काय नुसता वास देता?”

सगळे खो खो हसले. आत्या एरवी फटकळ, पण त्या दिवशी पदर खोचून सरळ घराकडे चालू लागली. तेव्हापासून तिच्याकडे कोणी कॉफीला जाईना.

मग एका वर्षी अवकाळी पावसाने गावाचं सरपण भिजवलं. पाठोपाठ अशी थंडी पडली की आरशातली माणसं बाहेरच्यांकडे घोंगडी मागू लागली. चुली विझल्या. धूर निघत होता तो एकट्या आत्याच्या घरातून.

गाव तिकडे धावलं. बघतात तर चुलीत काळ्या गोवऱ्या आणि घरभर कॉफीचा दरवळ.

“चोथाच आहे,” आत्या म्हणाली. “वाळवायचा, भाताच्या पेजेत मळायचा आणि थापायचा. हा पाटही त्याचाच, डिंक घालून दाबलेला. बसा की, मोडत नाही.”

होत्या त्या गोवऱ्या तिने वाटून टाकल्या. गावाला कुठल्या पुरायला? मग म्हणाली, “आता ढीग उपसा. वरचा चोथा भिजला असेल, पोटातला कोरडा असतो. सगळ्यांत मोठा ढीग आधी.”

पाटलाचा चेहरा उतरला. “माझा नको. ती गावाची शान आहे.”

“पाटील, घरात माझी बायको ओली बाळंतीण आहे,” एक गडी म्हणाला. “तिच्यावर काय शान पांघरू?”

आणि त्याने कुदळ मारली. वरचा हातभर चोथा निघाला. खाली लाल माती. आणखी खणलं. मातीच.

पाटलाकडची कॉफी एवढी पातळ का असायची, ते सगळ्यांना एकदम उमगलं. एकाच चोथ्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून तो पाहुणे वाटेला लावायचा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांच्यावर ओरडता आलं असतं. पाटील आपल्याच दारात, मुंडाशाचं टोक चाचपत, परक्यासारखा उभा राहिला.

आत्याने स्वतःच्या चुलीतला विस्तव घमेल्यात काढून बाळंतिणीकडे पाठवला. मग खाली वाकून ती लाल माती बोटांनी चोळून पाहिली.

“चिकट आहे. चुली लिंपायला झकास. पाटील, घमेलं घ्या.”

“आत्या, त्या दिवशी चावडीत मी...”

“घमेलं जड असतं. बोलत बसू नका.”

बाकीच्यांच्या ठेंगण्या ढिगांतून खरा चोथा निघाला आणि गावाने थंडी काढली. पाटलाने दारोदार माती वाहिली. पुढे त्या गावात एकाही दारात ढीग दिसला नाही.

पण थंडीत कोणाकडे शेकायला गेला की पाटील चुलीकडे पाठ करून बसायचा. कारण घराघरातली चूल त्याच्याच लाल मातीने लिंपलेली होती.

तात्पर्य: जे नुसतं दाखवायला रचलं, त्यावर कधीतरी कुदळ पडतेच.