मागे वळून सोडलेला बाण

पश्चिमेच्या कोरड्या डोंगराळ मुलखात पूर्वी वर्झक नावाचा पह्लव राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. मिहिरक त्यांचे नाव. राजाला लहानपणी घोड्यावर बसवले ते त्यांनीच. घोडा पुढे भरधाव पळत असताना मागे वळून बाण सोडायचा, ही पह्लवांची खास विद्याही त्यांनीच शिकवली. "मागून टापा ऐकू आल्या की कोण ते विचारत बसू नकोस," ते सांगत. आता असे शिकवल्यावर काय होणार?

राजा मोठा झाला, शहाणा मात्र झाला नाही. शेजारच्या राज्यावर स्वारी ठरली, तेव्हा मिहिरकांनी भर दरबारात विरोध केला. "म्हातारपणी भित्रे झालात! पुन्हा तोंड दाखवू नका," असे म्हणून राजाने त्यांना हाकलले. दरबार खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी फौज तळावर ठेवून राजा एकटाच स्वारीच्या वाटेतला, दरीवरचा झुलता पूल पाहायला निघाला. तो गेल्यावर मिहिरकांना कळले, की शत्रूने पुलाचे दोर जवळजवळ कापून ठेवले आहेत. दुसरा कोणी म्हणाला असता, बरे झाले! मागून जाणाऱ्याचे काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी त्यांनी घोड्यावर मांड ठोकली.

टापा ऐकताच राजा वळला आणि बाण सुटला. तो मिहिरकांच्या खांद्यात रुतला.

"अरे थांब, बाळा! दोर कापलेत!" ते ओरडले.

राजा पुलाच्या तोंडाशी थबकला. त्याने दोर ओढून पाहिला, तसा अख्खा पूल दरीत गेला.

"आचार्य, मी पाहिलंसुद्धा नाही हो," राजा रडू लागला. "मला रागवा तरी!"

"पाहू नकोस असं मीच शिकवलं ना," मिहिरक कण्हत म्हणाले. "रागावून हात बरा होणार आहे का? स्वारी तेवढी थांबव."

स्वारी थांबली. जखम भरली, पण उजवा हात पुन्हा वर उठला नाही. दरबारात मिहिरक डाव्या हाताने वंदन करीत आणि राजा शरमेने मान खाली घाली. पुढे मागून टापा आल्या, की तो घोडा थांबवून नीट वळून पाही. पह्लव त्याला हसत. तो हसू देई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती भिक्षू उदुंबरासाठी. समजूत घालायला आलेल्या एका वृद्ध भिक्षूला तो त्याच सकाळी, शब्दही न ऐकता, टाकून बोलला होता. "तो राजा म्हणजे हा उदुंबर," शास्ते म्हणाले, "आणि तो अमात्य मीच." दुखावणाऱ्याच्याही जिवाची काळजी वाहणे, हीच क्षांती पारमिता, म्हणजे क्षमाशीलतेची परिपूर्णता.

उदुंबराला मान वर करवेना. तो तसाच उठला आणि त्या वृद्धाला शोधायला गेला.